हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

गेल्या महिन्यात सांगलीत एका व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी, भाषण संपून चहाचे कप हातात आल्यावर फोनवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफवरून वाद पेटला. एका बाजूला पुस्तकं छापणारे एक गृहस्थ. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: चोरी ती चोरी, मग पुस्तकाची असो नाहीतर म्हशीची. दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन-चार पोरं. त्यांचंही म्हणणं एका वाक्याचं: ज्ञान कुणाच्या बापाची इस्टेट नाही. अर्धा तास ही दोन वाक्यं एकमेकांवर आदळत राहिली. पण पुस्तक कुठलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. लिहिणारा जिवंत आहे का? पुस्तक बाजारात मिळतं का, आणि मिळालं तर घेणाऱ्याला परवडतं का? जवळच्या वाचनालयात ते आहे का? फोनवर आलेली फाइल ज्याने वाचली तो आणि ज्याने ती चारशे जणांना पाठवली तो, या दोघांना एकाच मापाने मोजायचं का?

माझं मत आधीच सांगते. दुसरी वाटच नाही म्हणून अशी प्रत वाचणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. पण जिवंत लेखकाचं, विकत मिळणारं मराठी पुस्तक त्याला न विचारता गावभर वाटणं चूक आहे, आणि ज्ञानदान म्हणून ते वाटणं त्याहून चूक आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. दान करणाऱ्याच्या खिशातून पैसा जात नाही, पुण्य मात्र त्याच्या खात्यावर पडतं, आणि हलवायाला कुणी विचारत नाही.

आमचे एक मित्र आहेत, निवृत्त शिक्षक. जत आणि आटपाडी तालुक्यांतल्या गावांमधून नऊ वर्षं एसटीने हिंडून त्यांनी १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा केल्या. खडी फोडायला गेलेल्या बायका, पोराला झोळीत टाकून रस्त्याच्या कामावर उभ्या राहिलेल्या बायका, सुकडीची चव अजून जिभेवर असलेले म्हातारे. सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जण आता हयात नाहीत. पुस्तक इथल्याच एका छोट्या प्रकाशकाने काढलं. प्रती ५००, किंमत ३५० रुपये. दुसऱ्याच महिन्यात ते पुस्तक लेखकाच्याच फोनवर आलं, नात्यातल्या कुणाकडून. खाली मजकूर होता, ‘अवश्य वाचा व इतरांना पाठवा. ज्ञानदान हेच श्रेष्ठ दान.’

त्यांनी मला ती फाइल दाखवली. पानं तिरकी. शिवणीजवळची अक्षरं गिळलेली. जवळजवळ प्रत्येक डाव्या पानाच्या कोपऱ्यात एक अंगठा, त्याच्या शेजारच्या बोटात अंगठी. सुरुवातीच्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का पांढऱ्या पट्टीने झाकलेला. पण वाचनालयं पुस्तकाच्या आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, ते स्कॅन करणाऱ्याला माहीत नसावं. ५१व्या पानावर तो जांभळा शिक्का जसाच्या तसा होता. पुस्तकाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला नकाशा होता, कुठल्या गावात कुठलं काम निघालं ते दाखवणारा. फाइलमध्ये फक्त मिटलेल्या घडीचा फोटो होता. सर रागावले नव्हते. म्हणाले, “निदान नकाशा तरी उघडायचा होता. मला विचारलं असतं तर मीच दिली असती की फाइल, नकाशासकट.”

त्यांच्या या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे. आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, कारण ते पुष्कळ आहे.

त्या वादातला एक मुलगा जत तालुक्यातला. विश्रामबागेत तिघांत एक खोली घेऊन राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. तो मला बाजूला येऊन म्हणाला, “मॅडम, एका विषयाला तीन पुस्तकं, एकेक सातशे-आठशेचं. औंदा डाळिंबावर तेल्या पडलाय. बापाला कुठल्या तोंडानं सांगू ओ?” त्याला मी काय उत्तर देणार? मी स्वतः शिकत असताना भाषाशास्त्राचं एक अख्खं परदेशी पुस्तक झेरॉक्स करून घेतलं होतं. पुण्यातल्या एका दुकानात त्याची किंमत विचारली होती आणि ती वडिलांच्या अर्ध्या पगाराएवढी निघाली. स्पायरल बायंडिंग केलेला तो गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. त्या गठ्ठ्यावर मी एम. ए. झाले. तेव्हा मी कुणाच्या घरात शिरून काही उचललं, असं मला आजही वाटत नाही.

न्यायालयालाही तसं वाटलेलं नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या ‘रामेश्वरी फोटोकॉपी’ या छोट्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेल्या प्रकरणांचे गठ्ठे तिथे विद्यार्थ्यांना काढून मिळत. २०१६च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, आणि कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त हक्क नाही, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. पुढे अपील झालं, तत्त्व टिकलं, आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा सोडून दिला. तेव्हा ‘चोरी ती चोरी’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा. म्हैस नेली तर मालकाचा गोठा रिकामा होतो. नक्कल केली तर गोठा रिकामा होत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला की वाद तिथेच आंधळा होतो.

शिवाय कायदा काही दगडावर कोरलेला नाही. इंग्लंडमध्ये १७१०च्या कायद्याने नव्या पुस्तकाला हक्काची १४ वर्षं दिली, लेखक हयात असेल तर आणखी १४. लंडनच्या पुस्तकविक्यांना हा हक्क कायमचा हवा होता. एडिंबरोचा डोनाल्डसन नावाचा विक्रेता स्वस्त आवृत्त्या छापत राहिला, त्याला ते लुटारूच म्हणत. १७७४ साली तोच खटला जिंकला आणि हक्काला मुदत असते हे कायम झालं. आपल्याकडे १९५७च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपणार असं दिसताच ती ६० वर्षांची झाली. वि. स. खांडेकरांचा जन्म याच सांगलीतला. ते १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन मोकळं व्हायला २०३७ साल उजाडावं लागेल. नाटककार देवल हरिपूरचे, ते १९१६ साली गेले. त्यांची नाटकं कुणीही छापावीत, वाटावीत, करावीत. एकाच कृष्णाकाठच्या दोन लेखकांत ही रेघ ओढली आहे ती माणसांनी, आणि ती मुदत थोडी कमी ठेवून ओढली असती तर बरं झालं असतं असं माझंही मत आहे.

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. १९५७चा कायदा त्यांच्या हयातीतला. तरी आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली आणि १९६९ साली ते हलाखीतच गेले. मग या कायद्याने लेखकाचं पोट भरतं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

इतकं सगळं मान्य. पण यातून काय सिद्ध होतं? कायद्याची मुदत लांब आहे, म्हणून परवा प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचा काहीच हक्क नाही? कायद्याने अण्णाभाऊंना पुरेसं मिळवून दिलं नाही, म्हणून आता वाचकांनीही द्यायचं नाही? जत तालुक्यातल्या त्या मुलाची अडचण खरी आहे. पण त्या चारशे जणांच्या गटात अशी किती पोरं असतात? मी ज्या गटांत आहे तिथे पेन्शनर आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनिअर झालेल्या मुलांचे आईबाप आहेत, माझ्यासारखे प्राध्यापक आहेत. हॉटेलात एका वेळच्या जेवणाला पुस्तकाच्या किमतीहून जास्त देणारी ही माणसं. जतच्या पोराची गरज पुढे करून आपण सगळेच त्याच्या रांगेत घुसलो आहोत. त्याचा मला खरा राग आहे.

दुसरं म्हणणं असं की आपल्या परंपरेत ग्रंथ मोकळेच होते. समर्थांच्या सज्जनगडावरच्या ग्रंथांच्या नकलांचा दाखला मला याच वादात ऐकवला गेला. दाखला चांगला आहे, म्हणून तो नीट पाहू. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ असाव्यात, कागद-शाई कशी असावी, आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटपर्यंत दिसावं, जणू एकाच टाकाने लिहिलंय. नक्कल करणाऱ्याने त्यात महिनोन्‌महिने स्वतःचे डोळे आणि बोटं घातलेली असत. त्याचं खाणंपिणं मठ चालवी आणि मठ भिक्षेवर चाले. म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्याला मोकळा होता, पण त्यामागचा खर्च समाज उचलत होता आणि नक्कल करणारा आपले श्रम देत होता. त्यात पाठाची शुद्धताही आली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं, असं बजावून ठेवलं. ज्या फाइलमध्ये नकाशाची घडीसुद्धा उघडलेली नाही तिला या परंपरेचं नाव कसं द्यायचं?

तिसरं म्हणणं सगळ्यात मजबूत आहे. ज्याने पुस्तक घेतलंच नसतं त्याने फुकट वाचलं, तर तोटा कुणाचा? हिशेब करू. ३५० रुपयांच्या पुस्तकाला १० टक्के मानधन धरलं तर प्रतीमागे ३५ रुपये. सगळ्या ५०० प्रती खपल्या तरी नऊ वर्षांच्या कामाचे १७,५०० रुपये. समोरचा लगेच म्हणेल, इतक्याशा पैशासाठी एवढा आटापिटा? पण छोट्या भाषेतला आकडा वेगळ्या तऱ्हेने चालतो. इंग्रजीत लाखांनी खपणाऱ्या पुस्तकाचे शंभर ग्राहक कमी झाले तर कुणाला कळतही नाही. पाचशेच्या आवृत्तीतले शंभर गेले तर प्रकाशक दुसरी आवृत्ती काढत नाही, आणि त्या लेखकाचं, कदाचित त्या विषयावरचंच, पुढचं हस्तलिखित परत पाठवतो. कमी प्रतींमुळे किंमत वाढते, किंमत वाढली म्हणून माणूस फाइल शोधतो, फाइल फिरली म्हणून प्रती आणखी कमी निघतात. या चक्रात आधी मरतो तो दुष्काळाच्या आठवणी गोळा करणारा. गाजलेल्या लेखकाला त्याची झळ शेवटी लागते.

हे कल्पनेतलं भय नाही. अमेरिकेने एकोणिसाव्या शतकात ते करून पाहिलं आहे. तिथल्या १७९०च्या कायद्याने संरक्षण दिलं ते आपल्याच माणसांच्या पुस्तकांना. इंग्लंडच्या लेखकांची पुस्तकं तिथले प्रकाशक एक छदामही न देता छापत. डिकन्स १८४२ साली तिथे गेला तेव्हा त्याने भाषणांतून याबद्दल तक्रार केली, तर वर्तमानपत्रांनी त्यालाच लोभी ठरवलं. वाचकांची चंगळ होती, स्वस्तात उत्तम वाचायला मिळत होतं. मार कुणाला बसला? डिकन्सला बसलाच, पण अमेरिकेच्या नव्या लेखकालाही बसला. फुकटात मिळणारी नावाजलेली इंग्रजी कादंबरी समोर असताना प्रकाशकाने घरच्या नवख्याला मानधन का द्यावं? म्हणून तिथल्या लेखकांनीच परदेशी लेखकांच्या हक्कासाठी आवाज उठवला, आणि १८९१ साली कायदा बदलला. आज आपल्या फोनमध्ये आठशे गाजलेली पुस्तकं फुकट पडलेली असताना ३५० रुपये देऊन एखादं नवं नाव घेऊन बघावं असं किती जणांना वाटतं? त्या आठशेंपैकी वाचली किती, हा प्रश्न प्रत्येकाने आपला आपल्याला विचारावा.

शोधनिबंधांचा मामला मी इथे मिसळत नाही. तिथे लिहिणाऱ्याला नियतकालिक पैसे देतच नाही, तपासणाराही बहुधा फुकट तपासतो, संशोधनाचा खर्च अनेकदा सरकारने केलेला असतो, आणि तरी एक निबंध वाचायला हजारोंची मागणी होते. त्या दाराला धक्का मारणाऱ्या संशोधकाबद्दल माझी तक्रार नाही. केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरात सरकारी संस्थांमध्ये ही नियतकालिकं वाचता यावीत म्हणून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली, तीन वर्षांना ६,००० कोटी. दार ठोठावलं गेलं म्हणूनच हे सुचलं, असं मला वाटतं. पण तिथला न्याय उचलून दुष्काळाच्या पुस्तकाला लावता येत नाही, कारण इथे लिहिणाऱ्याने एसटीचं तिकीटसुद्धा स्वतःच्या पेन्शनमधून काढलेलं असतं.

एक मुद्दा मात्र मला अजूनही हलवतो, तो पुराचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर सांगलीत मी पुस्तकांचे ढीग पाहिले आहेत. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली, वर गाळाचा थर, आणि एक आंबूस वास, जो नंतर कित्येक दिवस नाकातून गेला नाही. त्यात शंभर वर्षांपूर्वीची, पुन्हा कधीच न छापली गेलेली पुस्तकं होती. त्यांची कुणी चोरून जरी प्रत काढून ठेवली असती तर मी त्याचे पाय धरले असते. जे पुस्तक बाजारात नाही, ज्याचा प्रकाशक बंद पडला, ज्याचे वारस सापडत नाहीत, त्याची प्रत काढून जपणाऱ्याला मी दोष देणार नाही, कायदा काहीही म्हणो. पण फोनवर फिरणाऱ्या फायली चाळून बघा. त्यात असली दुर्मीळ पुस्तकं किती आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली किती? जुनी पुस्तकं स्कॅन करायला वेळ काढणारी माणसं आहेत, पण मोजकी. बाकीच्यांना जतन करायचं नसतं, पाठवायचं असतं.

म्हणून मी सरांच्या वाक्याकडे परत येते. “मला विचारलं असतं तर.” आपली पुस्तकं स्वतःहून मोकळी करणारे लेखक मराठीत आहेत. काहींनी विचारताक्षणी फाइल पाठवल्याचं मी पाहिलंय. न विचारता घेतलं की त्याला देण्याची संधीच उरत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यात हे वेगळं सांगायला लागू नये. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पोरांना फुकट जेवायला मिळालं, पण त्यासाठी त्यांनी शेजाऱ्याचा दागिना उचलला नाही.

फुकट वाचायला मिळावं हे माझंही मागणं आहे, आणि त्याची रीत आपल्याच भागाने दाखवलेली आहे. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वकोश उभा केला. नोंदी लिहिणाऱ्यांना मानधन मिळालं, छपाई सरकारने केली, आणि आज तो सगळा इंटरनेटवर कुणालाही मोकळा आहे. पाचगणीजवळ भिलार २०१७च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या घरांमध्ये बसून कुणीही फुकट वाचतं, पण त्या पुस्तकांचे पैसे आधी मोजले गेलेले आहेत. सार्वजनिक वाचनालयाची कल्पना हीच. आपण सगळ्यांनी मिळून हलवायाचे पैसे द्यायचे आणि मग पंगत मांडायची. १९६७ साली महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा केला, अ, ब, क, ड वर्ग केले, गावोगाव वाचनालयं निघाली. त्यांच्या तुटपुंज्या अनुदानासाठी आपण कधी मोर्चा काढला? कुठल्या उमेदवाराला विचारलं? प्रकाशकांनाही माझं सांगणं आहे की पोलिसांत जाण्याआधी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त आवृत्ती काढा, अधिकृत ई-पुस्तक छापील प्रतीच्या निम्म्या किमतीत द्या, आणि संपलेली आवृत्ती वर्षानुवर्षं अडकवून ठेवू नका. माणूस चोरवाटेला लागतो तो बऱ्याचदा हमरस्ता बंद दिसतो म्हणून.

५१व्या पानावरच्या शिक्क्यावरून मी ते वाचनालय शोधून काढलं. नाव सांगणार नाही, कारण चूक त्यांची नाही. ड वर्गाचं, दोन खोल्यांचं, एका बाजूला मारुतीचं देऊळ. ग्रंथपाल ताई एकट्याच असतात. नव्या पुस्तकांना पैसे किती येतात विचारलं तर नुसत्या हसल्या. सरांचं पुस्तक त्यांनी कपाटातून काढून दिलं. स्कॅन करताना दाबून दाबून त्याची शिवण उसवली होती, मधली पानं हातात येत होती. ताईंनी दाभण आणि जाड दोरा आणलाच होता, शिवायला वेळ मिळाला नव्हता. मागच्या खिशातल्या कार्डावर तीनच नावं होती. शेवटी चिकटवलेल्या नकाशाची घडी अजून कोरी करकरीत होती, कडेला डिंक जरासा धरलेला. मी नखाने तो सोडवला आणि टेबलावर नकाशा पसरला. जत, उमदी, माडग्याळ, आटपाडी. तुटक रेघेने दुष्काळात निघालेले रस्ते, आणि प्रत्येक रस्त्याच्या कडेला, सरांच्या बारीक अक्षरात, तिथे खडी फोडलेल्या बायकांची नावं. ताई दाभण-दोरा खाली ठेवून उठल्या. त्यांचं माहेर उमदीचं. बोट ठेवून त्या एकेक नाव वाचायला लागल्या.